खरोखर घाबरवणारा भयपट : एक प्रस्तावना

भयपट उदंड आहेत. घाबरवणारे फार थोडे. हा प्रकार कमी पैशांत तयार होतो, त्याला नामांकित नट लागत नाहीत आणि त्याचा प्रेक्षक ठरलेला असतो, म्हणून जगभरचे नवखे निर्माते याच वाटेने सिनेमात शिरतात. त्यांचे बहुतेक चित्रपट एकदा पाहिले जातात आणि विसरले जातात. या प्रकारावर मनापासून प्रेम करणाऱ्यांची तक्रार मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे: पुष्कळ पाहिले, भीती काही वाटली नाही. तक्रार रास्त आहे. पण पडद्यावर भीती कशी तयार होते हे गेल्या शंभर वर्षांच्या चित्रपटांतून बऱ्यापैकी उलगडले आहे, आणि ती कशी घडते हे कळले की ती कुठे सापडेल याचाही अंदाज येऊ लागतो.

भयपट पाहताना तीन निरनिराळे अनुभव येतात आणि बोलताना तिन्हींना भीतीच म्हटले जाते. पहिला दचकण्याचा. शांत दृश्यात एकाएकी मोठा आवाज झाला की डोळे मिटतात, मान आखडते, खांदे वर जातात. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. धोका कसला आहे हे मेंदूला उमगण्याआधीच ती होऊन गेलेली असते, त्यामुळे तिला कथेची गरज नसते. शेजारच्या खोलीत भांडे पडले तरी ती होते. दुसरा अनुभव किळसेचा. फाटलेले मांस, किडे, सडलेले प्रेत पाहून पोटात ढवळते. तिसरा अनुभव भीतीचा, आणि तो सावकाश येतो. काहीतरी बरोबर नाही याची जाणीव होते, ती वाढत जाते, आणि चित्रपट संपल्यावरही घरातल्या अंधाऱ्या बोळातून जाताना पाऊल अडखळते. पहिले दोन अनुभव कोणालाही कारागिरीने निर्माण करता येतात आणि सवयीने लवकर बोथट होतात. तिसरा क्वचित साधतो, पण साधला तर वर्षानुवर्षे टिकतो.

भारतीय काव्यशास्त्राने हा फरक फार पूर्वी ओळखला होता. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन स्वतंत्र रस आहेत. एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. भयानकाची कारणे सांगताना भरत विकृत आवाज, कोल्ह्या-घुबडांचे ओरडणे, ओसाड घर, अरण्य आणि आपल्या माणसांच्या वधाची किंवा बंधनाची वार्ता ऐकणे यांचा उल्लेख करतो. भुताखेतांचे दर्शन या यादीत आहे, पण ते एकटे नाही. त्याच्या आजूबाजूला आवाज आहे, रिकामी जागा आहे आणि कानावर आलेली गोष्ट आहे. आजचे उत्तम भयपट नेमके याच तीन गोष्टींवर उभे असतात.

या सर्वांत समान गोष्ट एकच: प्रेक्षकाला थांबून राहावे लागते. घर ओसाड आहे म्हणजे त्यात कोणी असू शकेल. आवाज आला म्हणजे तो कोणी तरी केला असेल. प्रश्न उभा राहतो आणि उत्तर लांबते. या लांबलेल्या वेळात प्रेक्षकाचे मन स्वतःच्या साठ्यातून उत्तर शोधू लागते, आणि त्या साठ्यातले सामान कोणत्याही मेकअपपेक्षा भयंकर असते. चांगला दिग्दर्शक हा वेळ ताणतो. वाईट दिग्दर्शकाला तो सोसत नाही. प्रेक्षक कंटाळेल या धास्तीने तो दर दहा मिनिटांनी दार आपटतो.

ही गोष्ट पडद्यावर सर्वांत आधी पद्धतशीरपणे कोणी केली, तर आरकेओ स्टुडिओतल्या व्हॅल ल्यूटन या निर्मात्याने. १९४२ साली स्टुडिओने त्याला स्वस्त भयपटांचा विभाग सोपवला. खर्च दीड लाख डॉलरच्या आत ठेवायचा, लांबी सव्वा तासाच्या आत ठेवायची, आणि चित्रपटाचे नाव स्टुडिओ देणार. पहिले नाव मिळाले 'कॅट पीपल'. त्याआधीच्या दशकात 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' यांनी मुखवट्यांचा आणि मेकअपचा भयपट रूढ केला होता. ल्यूटनकडे त्यासाठी पैसे नव्हते आणि त्याची रुचीही त्या जातीची नव्हती. दिग्दर्शक झाक तुर्नर याच्यासह त्याने श्वापद अंधारात ठेवायचे ठरवले.

त्यातला रस्त्यावरचा प्रसंग आजही शिकवला जातो. रात्री एक तरुणी बागेच्या भिंतीलगत एकटी चालली आहे आणि तिच्या मागे दुसरी स्त्री आहे, जी रागावली की बिबळ्या होते असा संशय आहे. दोघींच्या टाचांचा आवाज ऐकू येतो. मग एका क्षणी मागचा आवाज बंद होतो. संगीत नाही, किंकाळी नाही. पुढची बाई वळून पाहते. दिव्याखाली कोणी नाही. ती चालण्याचा वेग वाढवते, धावू लागते, आणि गुरगुरण्यासारख्या फुत्काराने पडद्याच्या कडेतून एक बस येऊन थांबते. आवाज तिच्या ब्रेकचा असतो. संकलक मार्क रॉबसन याने साधलेल्या या युक्तीला पुढे 'ल्यूटन बस' असे नावच पडले. आज दचकवण्यासाठी जे जे केले जाते ते बहुतेक या बसचे वंशज आहे. पण नक्कल करणाऱ्यांनी बस उचलली आणि तिच्या आधीची शांतता सोडून दिली. त्या प्रसंगातली भीती पावलांचा आवाज थांबल्यापासून बस येईपर्यंतच्या वेळात आहे. बस आल्यावर उलट सुटका होते. आधीच भेदरलेला माणूस अधिक जोरात दचकतो, हे प्रयोगांतूनही दिसले आहे. म्हणून ज्या चित्रपटाने भेदरवण्याचे कष्ट घेतले आहेत, त्यातले दचकणे अंगावर येते. बाकीच्या चित्रपटांत ते निव्वळ कानाला त्रास देते.

ल्यूटनच्या हाताखाली घडलेल्यांत रॉबर्ट वाइज होता. त्याने १९६३ साली शर्ली जॅक्सनच्या कादंबरीवरून 'द हॉन्टिंग' केला आणि गुरूची पद्धत शेवटापर्यंत नेली: या चित्रपटात भूत एकदाही दिसत नाही. मध्यरात्री भिंतीपलीकडे पुटपुटणे सुरू होते. अंधारात बिछान्यावर पडलेली नायिका एलिनॉर मैत्रिणीचा हात घट्ट धरून भिंतीवरच्या नक्षीकडे पाहत राहते आणि त्या नक्षीत हळूहळू चेहरा दिसू लागतो. दिवा लागतो तेव्हा मैत्रीण खोलीच्या दुसऱ्या टोकाला असते. इतका वेळ हातात हात कोणाचा होता? चित्रपट या प्रश्नाचे उत्तर देत नाही. घराचे कोपरे किंचित वाकडे दिसावेत म्हणून वाइजने पॅनाव्हिजनचे अजून पुरते तयार न झालेले, प्रतिमा वाकवणारे भिंग हट्टाने मागून घेतले आणि त्याचे दोष ठाऊक असल्याचे लिहूनही दिले. या चित्रपटात रक्त नाही, नग्नता नाही. अमेरिकेत त्याला पुढे 'जी', म्हणजे सर्वांसाठी खुला, असे मानांकन मिळाले. प्रमाणपत्रावरून भीतीचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे एक उदाहरण कायम लक्षात ठेवावे.

त्याच्या दोन वर्षे आधीचा, जॅक क्लेटन दिग्दर्शित 'द इनोसेन्ट्स' याहूनही वरचा. हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' या दीर्घकथेवर तो आधारलेला आहे आणि पटकथेवर ट्रुमन कपोटीचा हात फिरलेला आहे. एका जुन्या वाड्यात दोन मुलांना सांभाळायला आलेल्या शिक्षिकेला मेलेली माणसे दिसतात. ती खरी आहेत की तिच्या मनात आहेत, हे अखेरपर्यंत ठरत नाही. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस याने रुंद पडद्याच्या दोन्ही कडा रंगवलेल्या फिल्टरने काळवंडून टाकल्या, त्यामुळे प्रेक्षकाची नजर सारखी त्या काळोखाकडे वळते. आणि सर्वांत भयंकर दर्शन घडते ते भरदिवसा. तळ्याकाठी मुलगी गुणगुणत असते, आणि पलीकडच्या लव्हाळ्यात काळ्या कपड्यातली एक बाई उभी असते. ती हलत नाही, पुढे येत नाही, कोणी किंचाळत नाही. इतक्या लांबून तिचा चेहराही नीट दिसत नाही. दिवसाच्या उजेडात, पुरेसा वेळ दिसूनही जे ओळखता येत नाही, त्याच्यापासून पळायला जागा नसते. सबंध चित्रपटेतिहासात याच्या तोडीची भुताची भेट हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असेल.

ल्यूटन, वाइज आणि क्लेटन यांच्या कामातून जो नियम दिसतो तो पुढे रंगीत चित्रपटांतही टिकला, मात्र त्याची रूपे बदलली. जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोविन' (१९७८) मध्ये मारेकरी क्वचितच धावतो. तो फ्रेमच्या मागच्या भागात, झुडपाशेजारी किंवा वाळत घातलेल्या चादरींत उभा असतो आणि नायिकेआधी प्रेक्षकाला दिसतो. एका दृश्यात तिच्या पाठीमागच्या काळ्या चौकटीतून त्याचा पांढरा मुखवटा इतका सावकाश उजळतो, की तो नेमका केव्हा दिसू लागला हे सांगता येत नाही. 'द एक्झॉर्सिस्ट थ्री' (१९९०) हा एरवी विसकळीत चित्रपट, पण त्यातला रुग्णालयाच्या कॉरिडॉरचा प्रसंग अभ्यासावा असा आहे. कॅमेरा दूर, जवळपास न हलता ठेवलेला आहे. रात्रपाळीची परिचारिका खोल्या तपासते, बसते, पुन्हा उठते. काही घडत नाही, आणि घडत नाही हेच असह्य होते. २०१८ सालच्या अ‍ॅरी अ‍ॅस्टरच्या 'हेरेडिटरी'मध्ये अंधाऱ्या बेडरूमच्या छताच्या कोपऱ्यात एक बाई चिकटलेली आहे, पण संगीत तिकडे बोट दाखवत नाही. थिएटरात एकेका प्रेक्षकाला ती वेगवेगळ्या क्षणी दिसते आणि श्वास रोखल्याचे आवाज लाटेसारखे पसरत जातात.

विल्यम फ्रीडकिनच्या 'द एक्झॉर्सिस्ट'ची (१९७३) जागा थोडी वेगळी आहे. त्याची कीर्ती वळलेल्या मानेवर आणि हिरव्या ओकारीवर उभी आहे, आणि ती दृश्ये आज अनेकांना घाबरवत नाहीत. जुने होत नाही ते त्याच्या पहिल्या तासातले काम. फ्रीडकिन माहितीपटांतून आलेला होता, आणि लेकीला नेमके काय झाले आहे हे शोधणाऱ्या आईची धावाधाव त्याने माहितीपटाच्याच शिस्तीने चित्रित केली. मानेत सुई खुपसून केलेली रक्तवाहिन्यांची तपासणी, एक्स-रे यंत्रांचा धडधडाट, एकामागून एक डॉक्टरांनी दिलेली आश्वासने: राक्षस येण्याआधीच प्रेक्षक हतबल झालेला असतो. आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या कोणालाही ही भीती समजावून सांगावी लागत नाही. मधूनच, सेकंदाच्या लहानशा अंशापुरता, पांढरा फटक चेहरा पडद्यावर चमकून जातो. तो खरेच दिसला का, याची खात्री होत नाही.

जपानने नव्वदच्या दशकात या कलेला नवे वळण दिले. हिदेओ नाकाताचा 'रिंगू' (१९९८) कोजी सुझुकीच्या कादंबरीवरून आला. मोकळ्या केसांची, पांढऱ्या वस्त्रातली सूड घेणारी स्त्री जपानी प्रेक्षकाला काबुकी रंगभूमीपासून, 'योत्सुया काइदान' या १८२५ सालच्या नाटकापासून परिचित होती. नाकाताने तिला व्हिडिओ कॅसेटमध्ये आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीत आणून बसवले. ही स्त्री, सादाको, टीव्हीतून बाहेर येते तेव्हा तिची चाल अंगावर काटा आणते, कारण अभिनेत्रीला उलटे चालवून ते चित्रण पुन्हा उलट फिरवले आहे. पाय पुढे पडतात पण शरीराचा तोल भलतीकडेच असतो. चूक कुठे आहे ते सापडत नाही, फक्त जाणवते. कियोशी कुरोसावाच्या 'काइरो'मध्ये (२००१) हीच गोष्ट आणखी साध्या रीतीने आहे. लांबून येणारी स्त्री एका पावलाला विचित्रपणे लचकते, सावरते आणि पुढे येत राहते. मोठा आवाज नाही. ज्याला दचकवणाऱ्या भयपटांचा वीट आला आहे, त्याला हे एक मिनिट दाखवावे.

हातातल्या कॅमेऱ्याने टिपल्याचा आव आणणाऱ्या चित्रपटांचा प्रवाह 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'ने (१९९९) जगभर नेला. नटांनाच जंगलात कॅमेरे देऊन सोडले होते आणि रोजच्या सूचना चिठ्ठ्यांतून मिळत होत्या. चेटकीण अखेरपर्यंत दिसत नाही. शेवटच्या चित्रात एक माणूस तळघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा असतो, एवढेच. त्या उभे राहण्याचा अर्थ चित्रपटात बराच आधी, गावकऱ्याच्या बोलण्यात, जाता जाता येऊन गेलेला असतो. भरताने सांगितलेली ऐकीव गोष्ट येथे नेमकी कामाला आली आहे. पुढचे शेकडो अनुकरणकर्ते कॅमेरा हलवायला शिकले. ऐकीव गोष्ट आधी पेरून ठेवायला फार थोडे शिकले. ज्यांना हे साधले त्यांत ऑस्ट्रेलियाच्या जोएल अँडरसनचा 'लेक मंगो' (२००८) सर्वांत उजवा. बुडून मेलेल्या मुलीच्या कुटुंबावरचा हा बनावट माहितीपट आधी भुताचे पुरावे दाखवतो, मग ते पुरावे खोटे ठरवतो, आणि प्रेक्षक सावध राहणे सोडून देतो तेव्हा तिच्याच मोबाइलमधले एक चित्रण समोर ठेवतो.

भारतात भयपटाचा जन्म वेगळ्या वातावरणात झाला. कमाल अमरोहींचा 'महल' (१९४९) हा हिंदीतला पहिला मोठा झपाटलेल्या वास्तूचा चित्रपट. जर्मन छायाचित्रकार योसेफ विर्शिंग याचा काळोख, आणि खेमचंद प्रकाशांच्या चालीवर दुरून जवळ येत जाणारा लता मंगेशकरांचा आवाज यांनी त्याला घडवले. आवाज दुरून येतो असे वाटावे म्हणून त्या गाताना मायक्रोफोनकडे चालत आल्या होत्या. पण अखेरीस भूत खोटे निघते, आणि हीच रीत पुढे 'वह कौन थी'सारख्या (१९६४) चित्रपटांनी चालू ठेवली. या परंपरेतले सौंदर्य अमाप आहे. भीती मात्र विरहात विरघळून जाते.

रामसे बंधूंनी १९७२ साली महाबळेश्वरात चित्रित केलेल्या 'दो गज जमीन के नीचे'पासून भूत खरे केले आणि आडगावांतली थिएटरे भरली. त्यांच्या धुक्याची, निळ्या प्रकाशाची आणि लाकडी दारांची आठवण अनेकांना प्रेमाने येते, आणि ते प्रेम खोटे नाही. पण 'पुराना मंदिर'सारख्या (१९८४) चित्रपटात दर काही मिनिटांनी गाणे किंवा जगदीपचे विनोदी उपकथानक येते आणि जमलेला ताण मोडतो. येथे दोष एका दिग्दर्शकाचा नव्हता. एकाच तिकिटात सगळे रस द्यायचे, या बाजाराच्या अपेक्षेत भयानक रसाला सलग वेळ मिळतच नव्हता. ती अपेक्षा नाकारण्याचे काम रामगोपाल वर्मांनी केले. 'रात' (१९९२) आणि 'भूत' (२००३) यांत जुना वाडा नाही. साधे घर आहे, मुंबईच्या उंच इमारतीतला फ्लॅट आहे, लिफ्ट आहे. 'भूत'च्या कथेत गाणे नाही, आणि ऊर्मिला मातोंडकरने त्यात जे केले ते तिच्या कारकिर्दीतले उत्तम काम आहे. वर्मांचा पार्श्वसंगीताचा सोस आज खटकतो, तरी वाट त्यांनीच मोकळी केली.

मराठी वाचकाला भय मुख्यतः पुस्तकांतून भेटले. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी दोन-तीन पिढ्यांची झोप उडवली, आणि तीही मध्यमवर्गीय घरात, माजघरात, नातेवाइकांच्या गराड्यात. सिनेमाने या साठ्याला हात लावायला फार उशीर केला. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'चे (२०१८) बीज धारपांच्या एका कथेत आहे. साखळदंडात बांधलेल्या, झोपवून ठेवाव्या लागणाऱ्या आजीचा प्रसंग तिथूनच आला. संततधार पाऊस, काळे पडलेले वाडे आणि लहान मुलावर टाकलेली आजीला भरवण्याची जबाबदारी यांतून उभा राहिलेला पहिला भाग भारतीय भयपटांतला सर्वोत्तम तुकडा म्हणावा लागेल. पुढे चित्रपट लोभाच्या कथेकडे वळतो आणि तिथे तो देखणा, भव्य होतो. पण त्यातला राक्षस हस्तर पुरता दिसू लागल्यावर पहिल्या भागातली धडकी उरत नाही. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७) तुलनेने लहान चित्रपट, पण त्याने एक जागा अचूक निवडली: ऊस. आत शिरल्यावर चार हातांपलीकडचे दिसत नाही, पाते हलले की वारा आहे की कोणी आहे हे कळत नाही, आणि दिवसाचे ऊन असूनही सुटका नाही. गर्भवती नायिका (पूजा सावंत) त्या फडात वाट चुकते तेव्हा महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला वेगळी माहिती द्यावी लागत नाही. शेवटी चित्रपट आपला सामाजिक आशय समजावून सांगू लागतो आणि तेवढा सैल पडतो.

गेल्या काही वर्षांतला सर्वांत परिपक्व भारतीय भयपट मल्याळममध्ये झाला. राहुल सदाशिवन यांचा 'भूतकालम' (२०२२) ही नैराश्याने आजारी आई आणि बेकार मुलगा यांची गोष्ट. आईची भूमिका रेवतीने केली आहे. त्याच्या तीस वर्षे आधी 'रात'मध्ये झपाटलेली मुलगीही तीच होती. घरात काहीतरी आहे, पण दोघांपैकी कोणावरच कोणाचा विश्वास बसत नाही, कारण आजाराचे कारण हाताशी तयार आहे. भूत बराच काळ लांब राहते. तोवर प्रेक्षक एका दुःखी घरात राहायला शिकलेला असतो, म्हणून शेवटचा अर्धा तास सोसवत नाही.

इतके पाहिल्यावर शोधाची दिशा ठरवता येते. रक्त किती आहे आणि प्रमाणपत्र कोणते आहे, यांवरून काही कळत नाही: 'द हॉन्टिंग' सर्वांसाठी खुला ठरला, तर जेम्स वॉनच्या 'द कॉन्ज्युरिंग'ला (२०१३) हिंसा किंवा शिव्या फारशा नसताना मुख्यतः धास्तीपायी कडक मानांकन मिळाले. पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांचा कौलही फसवा असतो. अमेरिकेत सिनेमास्कोर या पाहणीत 'हेरेडिटरी'ला 'डी प्लस' मिळाला. मजेत दचकून घरी जायला आलेल्यांना सबंध रात्रीचे ओझे मिळाले आणि ते नाराज झाले. भयपटाच्या बाबतीत असे नाराज प्रेक्षक अनेकदा चांगली खूण असतात. ट्रेलर मात्र टाळावा. ज्या क्षणासाठी दिग्दर्शकाने तासभर वाट पाहायला लावलेले असते, तो क्षण ट्रेलरमध्ये दीड मिनिटाला उधळलेला असतो.

भरवशाची वाट माणसांमागून जाते. नाकाता आवडला की त्याचा 'डार्क वॉटर' (२००२), कुरोसावा आवडला की त्याचा 'क्युअर' (१९९७), सदाशिवन आवडले की 'भ्रमयुगम' (२०२४); आणि 'द हॉन्टिंग' आवडला की मागे वळून ल्यूटनचे सगळे लहान चित्रपट. भाषांतरित ध्वनीपेक्षा मूळ आवाज आणि खाली उपशीर्षके बरी, कारण श्वास, कुजबुज आणि खोलीची शांतता डबिंगमध्ये सर्वांत आधी मारली जाते. स्वतःला कशाची भीती वाटते हेही पाहणाऱ्याने ओळखावे. धर्मभीरू घरात वाढलेल्याला 'एक्झॉर्सिस्ट' जितका लागतो तितका इतरांना लागेलच असे नाही. बंद जागेने गुदमरणाऱ्याने नील मार्शलचा गुहेतला 'द डिसेंट' (२००५) पाहावा, त्यात राक्षस येण्याआधीचा अरुंद बिळाचा प्रसंगच पुरेसा आहे. आणि लहान मूल सांभाळताना थकून गेलेल्या आईबापांना जेनिफर केंटचा 'द बाबाडूक' (२०१४) इतरांपेक्षा वेगळाच दिसतो.

पाहण्याची रीतही चित्रपटाइतकीच महत्त्वाची. लव्हाळ्यातली बाई मोबाइलच्या पडद्यावर ठिपका होते, आणि दिवा लावलेल्या खोलीत छताचा कोपरा दिसतच नाही. खोली अंधारी, पडदा मोठा, आवाज पुरेसा वर, फोन दुसऱ्या खोलीत आणि मध्ये विश्रांती नाही, एवढी तयारी लागते. सोबत असलीच तर एखाद्याच गप्प बसणाऱ्या माणसाची असावी. घोळक्यात भीतीचे हसू होते. लहान मुलांना या चित्रपटांपासून दूर ठेवावे. ज्यांचे मन नुकत्याच घडलेल्या मृत्यूने किंवा आजाराने हळवे झाले आहे त्यांनीही थांबावे, कारण उत्तम भयपट नेमके तिथेच बोट ठेवतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने 'रिंगू' आधी पाहावा. तो लगेच पकडतो. मग 'भूतकालम', कारण घर ओळखीचे आहे. त्यानंतर 'द इनोसेन्ट्स', जेव्हा संथपणाची सवय झालेली असेल. 'काइरो' आणि 'द हॉन्टिंग' त्याच्या पाठोपाठ. 'लेक मंगो' अगदी शेवटी ठेवावा: श्रेयनामावली सुरू झाली तरी उठू नये आणि आधी दाखवलेली छायाचित्रे पुन्हा येतात तेव्हा त्यांच्या कडांकडे, ज्या भागाकडे पहिल्यांदा लक्ष गेले नव्हते तिकडे, नीट पाहावे.